जिभेखाली विरघळेपर्यंत

"अस्सलामु अलैकुम," दारातून कुणीतरी म्हणालं, आणि एर्गेश गप्प बसला.

मी चहाचा पियाला हातात तसाच धरून पडद्याकडे बघत होते. एर्गेश त्याच्या मातीच्या शेडमध्ये बसलेला, पाठीमागे अर्धवट वाळलेले दोन तंदूर, समोर विटेला टेकवून ठेवलेला फोन. गोळी त्यानं नुकतीच जिभेखाली ठेवली होती. दारातून उजेड आला आणि उजेडामागून एक म्हातारा. डोक्यावर जाड लोकरी नमद्याची पांढरी उंच टोपी, अंगात ठेवणीतला कोट, हात पाठीमागे बांधलेले.

"अस्सलामु अलैकुम, व्याही," तो पुन्हा म्हणाला. या खेपेला जरा मोठ्यानं. यजमान बहिरा आहे की काय, अशी शंका आली असावी.

एर्गेशनं छातीवर हात ठेवला, मान झुकवली. तोंड मात्र मिटलेलंच.

"बोल की रे बाबा," मी पडद्याला म्हणाले. म्हणाले आणि माझं मलाच कसंतरी झालं. गोळी विरघळेपर्यंत काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, हे त्याला शिकवलं कुणी? मीच.

म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा सलाम केला. मग फोनकडे बघितलं, एर्गेशकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "कबरीला सलाम केला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि वळून निघून गेला. एर्गेश अर्धा उठला. फोनकडे बघितलं. पुन्हा बसला. त्याच्या मुठी मातीत रुतल्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठ काही उघडले नाहीत. बाहेर बायकांचा गलका झाला, गाडीची दारं आपटली, गाडी सुरू होऊन गेली. गोळी विरघळली तेव्हा त्यानं रोजच्यासारखं तोंड उघडून दाखवलं, जीभ वर केली, डावीकडे, उजवीकडे. मग फोन तसाच टाकून तो धावत सुटला.

हे सगळं आदल्या दिवशीचं. मी बघत होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, ओश शहरातल्या जुन्या बाजारामागच्या आमच्या केंद्रात, खुर्चीवर बसून.

माझं नाव बुरुल. केंद्रात मी परिचारिका आहे, आणि हाताखालच्या पोरींपासून ते माझ्याहून म्हाताऱ्या रोग्यांपर्यंत सगळे मला बुरुल एजे म्हणतात, म्हणजे ताई. ज्यांना हेरॉइन किंवा अफू सुटत नाही अशी माणसं आमच्या खिडकीशी येतात. आम्ही त्यांना दुसरं औषध देतो, ज्यानं अंग फुटत नाही आणि डोकंही जाग्यावर राहतं. पूर्वी ते रोज माझ्यासमोर घ्यावं लागायचं. घरी दिलं तर विकतील, ही वरच्यांची भीती. भीती खोटी नव्हती. पण रोज यायचं म्हणजे कामधंदा बुडतो, आणि बाजारात आलेल्या गाववाल्यांच्या नजरेलाही पडायला होतं. ही खिडकी कसली, हे बाजारातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षीपासून ज्यांची घडी बसली आहे त्यांना आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला देतो आणि त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून देतो. माणसानं दुपारच्या आत फोनसमोर बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत तिथून हलायचं नाही. गिळायची नाही, वर काही खायचं-प्यायचं नाही, बोलायचं नाही. ती जिभेखालीच विरघळली तर रक्तात उतरते, पोटात गेली तर वाया. शेवटी रिकामं तोंड दाखवायचं. सगळं नीट असेल तर मी हिरवं बटण दाबते, नसेल तर लाल. लाल फार झाली की गोळ्या घरी देणं बंद, पुन्हा खिडकी.

आमच्या डॉक्टर चिनाराला हे फार आधुनिक काम वाटतं. मला विचाराल तर लोकांच्या घरात डोकावण्याचा मला पगार मिळतो. कुणाची सून मागे भांडी आपटत असते. कुणाचा नातू आजोबांच्या तोंडात काय आहे म्हणून ओठ उचकटायला बघतो. एकदा एका बाईच्या पाठीमागे दूध उतू जात होतं आणि ती बिचारी फोनकडे बघत बसलेली. मी इथं खुर्चीतून उठून ओरडले, अगं दूध, दूध. ते दूध आदल्या दिवशीच उतू जाऊन पुसूनही झालं होतं. चिनारा अजून चिडवते मला त्यावरून.

या सगळ्यांत एर्गेश माझा लाडका. असं म्हणू नये, पण आहे. पूर्वी तो खोरोगच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. त्या डोंगरातल्या थंडीत, पाठ मोडेस्तोवर गाडी हाकताना कुणीतरी पुडी दिली, आणि मग पुडी गाडी हाकायला लागली. ट्रक गेला, होतं नव्हतं ते गेलं, बायको उलकान माहेरी जाऊन परत आली. आता तो तंदूर करतो. मातीत बकरीचे केस कालवायचे, पायांनी तुडवायचं, वळ्यांवर वळ्या चढवत भट्टी उभी करायची आणि सावलीत वाळवायची. आसपासच्या गावांत चांगला तंदूर हवा असेल तर लोक एर्गेशकडेच येतात. तो रोज पहाटे, घर जागं व्हायच्या आत, त्या शेडमध्ये बसून गोळी घ्यायचा. गावाला यातलं काही माहीत नव्हतं. मुलीला, जिपाराला, वाटायचं की बाबांचं यकृत बिघडलंय, त्याची औषधं चालू आहेत.

त्या दिवशी जिपाराच्या कानात डूल घालायचे होते. आमच्याकडे मुलाची आई येऊन मुलीच्या कानात डूल घालते, की लग्न ठरलं. मग मागे फिरायचं नाही. पाहुणे येणार म्हणून घर मध्यरात्रीपासूनच जागं होतं. आत्या, मावश्या, शेजारणी. शेडमध्येसुद्धा गाजरं सोलत बसल्या होत्या. पहाट गेली, सकाळ गेली, एर्गेशला एकांत मिळाला तो दुपार टेकल्यावर. आणि त्याच्या नावावर लाल आधीच जमली होती. वर डोंगरातल्या एका गावात तंदूर बसवायला गेला होता, तिथं फोनला रेंज नव्हती. आता आणखी एक लाल झाली असती तर घरच्या गोळ्या बंद. म्हणून त्यानं बायकांना घरात पिटाळलं आणि घाईघाईनं बसला. पाहुणे वेळेआधी आले. व्याही ताशमत थेट शेडमध्ये शिरले, कारण ते आयुष्यभर पाटकरी होते, कालव्याचं पाणी गावागावांना वाटून देणारे, आणि अशा माणसाला दुसऱ्याचं काम कसं चालतं ते बघायची खोड असते.

वयानं मोठ्या माणसानं लहानाला, दारात उभं राहून, आपणहून सलाम करायचा, आणि लहानानं उत्तर द्यायचं नाही. याहून मोठा अपमान आमच्याकडे कुणाला माहीत असेल तर मला सांगा. शत्रूच्या सलामालाही उत्तर द्यावंच लागतं. डूल डबीतल्या डबीत परत गेले.

"बघा बुरुल एजे, काय शिस्त आहे," चिनारा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "एवढं झालं तरी हलला नाही. नवीन लोकांना दाखवायला हवं."

"पोरीचं लग्न मोडलं त्याच्या," मी म्हणाले.

ती मागे सरकली. वाईट नाही ती, तरुण आहे. मी हिरवं बटण दाबलं. त्या बटणाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

आठवडा संपल्यावर एर्गेश गोळ्या न्यायला आला. टोपी हातात चुरगळत खिडकीशी उभा राहिला, आणि मी गोळ्यांची पुडी पुढे केली तर ती घेईना.

"एजे, माझं बंद करा."

"काय बंद करू?"

"गोळी. ॲप. सगळंच."

"आत या," मी म्हणाले. "खिडकीतून असलं बोलत नाहीत."

आत आणून बसवला. चहा दिला. पियाल्याला तो हात लावेना.

"दाढ काढलीय म्हणून सांगायचं," मी म्हणाले. "एवढंही सुचलं नाही का तुम्हाला?"

"उलकाननं तेच सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, दाढ काढलेला माणूस फोनसमोर कशाला बसतो? दाढदुखीचा सिनेमा काढत होता का?"

मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि लगेच गेलं.

"आता गावात काय काय चाललंय ऐका. कुणी म्हणतं, ओशमधल्या कुठल्या बाईशी बोलत होता, व्याही मध्येच आला म्हणून वाचा बसली. कुणी म्हणतं, तंदूरवाल्याला माज आलाय, पाटकऱ्याला मोजत नाही. माजाची गोष्ट जास्त खपतेय."

"आणि जिपारा?"

"ती काही म्हणत नाही. डूल घालायचे म्हणून कानातलं काढून ठेवलं होतं तिनं. अजून कान मोकळेच आहेत." तो जमिनीकडे बघत राहिला. "मुलगा चांगला आहे हो, एजे. त्यांचं ते कॉलेजपासूनचं आहे. पोरगा बापाशी भांडतोय, म्हणे जेवत नाही. पण बापापुढे तो किती टिकणार."

"मग गोळी बंद करून काय होणार आहे? डूल परत येणार आहेत?"

"मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं?"

"गोळी पोटात गेली असती. लाल."

"मग?"

"मग रोज खिडकी."

"रोज इथं आलो असतो तर त्यांना कळलंच असतं. लग्न तेव्हाही मोडलंच असतं, फक्त चार दिवस उशिरा." तो हसला, पण ते हसणं बघवलं नाही. "म्हणजे बघा, कुठूनही गेलो तरी तिथंच. मग एवढं तोंड बंद ठेवून मी मिळवलं काय?"

  मी चहा पुढे सरकवला.

"तुम्हाला सांगतो," तो म्हणाला, "म्हातारा दारात उभा होता ना, तेव्हा मला आईची माती आठवली. आई गेली तेव्हा मी अंगणात ट्रकमध्ये पडून होतो. पुडी मिळाली नव्हती, सगळं अंग फुटत होतं. लोक येत होते, ट्रकजवळून जाताना सलाम करत होते. थोरला मुलगा म्हणून दारात उभं राहून मी रडायचं होतं, त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी काच वर केली आणि पडून राहिलो. खांदाही दिला नाही. तेव्हा नशेनं तोंड शिवलं होतं, परवा औषधानं शिवलं. बघणाऱ्याला काय, दोन्ही सारखंच दिसतं."

"सारखं नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी दोन्ही बघितलंय. तुम्ही पहिल्यांदा इथं आलात तेव्हा मला शिव्या घालून गेला होतात. आता मुलीचं लग्न मोडताना बघत जाग्यावर बसून राहिलात. मला शहाणपणा शिकवू नका. सारखं नाही ते."

 बाहेर कुणीतरी खिडकीवर टकटक केलं, मी थांबायला सांगितलं. मग त्यानं विचारलं, "तो व्हिडिओ तुमच्याकडे आहे ना? दुसऱ्या कुणाला दाखवता येईल?"

"मला नाही येणार. नियम आहे, आणि नियम तुमच्याच भल्याचा आहे. कुणाला दाखवायचाय?"

"ताशमत आकेंना." मोठ्या माणसाला आम्ही आके म्हणतो, दादा म्हणावं तसं.

मी कपाळाला हात लावला. "दाखवलात की कळेल त्यांना, गोळी कसली ते. शुद्ध आहे का तुम्हाला? आज ते तुम्हाला माजोरी म्हणतायत. उद्या काय म्हणतील? अहो, माज उतरतो असं तरी लोक मानतात. हे उतरतं असं कुणी मानत नाही."

"म्हणू देत."

"गावभर होईल. तुमच्या तंदुरातली भाकरी कुणी खाणार नाही. जिपारासाठी दुसरं स्थळ..."

"एजे," तो शांतपणे म्हणाला, "त्यांनी माझ्या मुलीला नाकारलं, का? तर तिच्या बापाला माज आहे. हे खोटं आहे. मला माज कधीच नव्हता, माज यायला माझ्याकडे होतं काय? नशेबाजाची पोरगी म्हणून नाकारलं तर मी खाली मान घालून घरी जाईन. पण मोडायचं तर खऱ्या कारणानं मोडू दे."

मी हात टेकले. गोळ्यांची पुडी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, काय करायचं ते करा, पण गोळी चुकवलीत तर गाठ माझ्याशी आहे. जाताना त्यानं चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला.

त्यानंतर मी रोज सकाळी सगळ्यांत आधी त्याचाच व्हिडिओ लावायचे. शेड, वीट, वाळणारे तंदूर, मिटलेलं तोंड, उघडलेलं तोंड. हिरवं. मला वाटायला लागलं की राहिलं ते बोलण्यातच. खरं सांगते, बरंही वाटलं. म्हाताऱ्या पाटकऱ्यापुढे जाऊन स्वतःची अब्रू ओतायची, कशाला ते.

आणि मग एका सकाळी व्हिडिओ उघडला तर शेड नव्हती.

एक स्वच्छ खोली होती. भिंतीपाशी गोधड्यांची उंच रास, खाली अंथरलेला रंगीत नमदा, बुटक्या मेजावर जर्दाळू आणि भाकऱ्या. फोन मेजावरच कशाला तरी टेकवला होता. मेजाच्या पलीकडे ताशमत, हाताची घडी घालून. अलीकडे एर्गेश, गुडघे मोडून, नमाजाला बसतात तसा. 

"तू दारात सलाम केलास, मी उत्तर दिलं," म्हातारा म्हणत होता. "ते द्यावंच लागतं. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. काय ते बोल आणि जा."

एर्गेशनं पाकिटातून गोळी काढून तळहातावर घेतली. "आके, मी हेरॉइन घ्यायचो," तो म्हणाला. शब्द सुटे सुटे होते. "खोरोगच्या रस्त्यावर लागलं. आता घेत नाही. त्याच्याऐवजी ही घेतो, रोज, ओशच्या केंद्रातून. ही जिभेखाली असली की बोलता येत नाही, बोललो तर वाया जाते. आणि फोनसमोरच घ्यावी लागते, तिथल्या एजे बघतात. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा हीच होती तोंडात. मी तुमचा अपमान केला नाही. एवढंच सांगायचं होतं. आजची अजून घ्यायचीय, ती तुमच्यासमोर घेतो."

आणि त्यानं ती जिभेखाली ठेवून तोंड मिटलं.

 एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला सुचत नव्हतं.

"हेरॉइन," शेवटी म्हातारा म्हणाला. "मला वाटलं तुला माज आलाय. माज मला कळतो. पाटावर आयुष्य गेलं माझं, रात्रीतून दुसऱ्याचं पाणी वळवणारे सगळे माजोरीच. त्यांचं काय करायचं ते मला माहीत आहे. याचं काय करायचं ते मला कळत नाही."

त्यानं एक जर्दाळू उचलला, बघितला, परत ठेवला.

"पुन्हा घेशील का तू ते?"

एर्गेश त्याच्याकडे बघत राहिला.  नाही म्हण, मान हलव, मी मनात म्हणत होते. त्यानं दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि तळवे उघडे केले. माहीत नाही.

म्हाताऱ्यानं हुंकार दिला. "नाही म्हणून मान हलवली असतीस तर आत्ताच्या आत्ता उठवलं असतं तुला. पोरीला माहीत आहे?"

एर्गेशनं मान हलवली, नाही.

"माझ्या पोरालाही कळता कामा नये. कळलं तर कधीतरी भांडणात तिच्या तोंडावर फेकेल. चांगला आहे तो, पण नवरा झाला की सगळे सारखेच."

तेवढ्यात दार वाजलं आणि विहीणबाई चहाची किटली घेऊन आल्या. एर्गेशकडे बघून जागीच थांबल्या. "हे पुन्हा गप्पच?"

"माफी मागायला आलाय," ताशमत म्हणाला. "माझ्यासमोर तोंड वर करायची लाज वाटतेय त्याला. वाटू दे. चहा नंतर आण."

एर्गेशनं ते ऐकलं आणि हळूच मान खाली घातली. विहीणबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, झालं ना समाधान अशा चेहऱ्यानं किटली घेऊन परत गेल्या. म्हातारा दार लागेपर्यंत थांबला.

"हे असं सांगणार मी," तो आवाज उतरवून म्हणाला. "तिलाही आणि गावालाही. तंदूरवाल्याला माज आला होता, माझ्या दारात आला, माफी मागितली, मी पोरीकडे बघून पदरात घेतलं. लोकांना हे पटेल, असं घडतं. एकदा सांगितलं की मग तेच खरं, मी मरेपर्यंत बदलणार नाही. तुझे नातू मोठे झाले की त्यांनाही कुणीतरी हसत सांगेल, तुमच्या आजोबांचं नाक कसं खाली आलं होतं. लग्न होईल. खरं दोघांतच राहील. कबूल असेल तर सांग."

मला इतका संताप आला की मी चष्मा काढून मेजावर आपटला. जे खोटं पुसायला तो माणूस एवढ्या लांब खरं बोलायला गेला, तेच खोटं म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यात बांधलं, तेही कायमचं. थांब, मी म्हणत होते, गोळी विरघळू दे, मग बोल त्याच्याशी, घासाघीस कर, तुला तोंड आहे.

एर्गेश थांबला नाही. त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली. कबूल.

मग दोघंही बसून राहिले. खिडकीबाहेर कोंबडा ओरडत होता. म्हातारा मेजावरचे भाकरीचे कण बोटानं गोळा करत होता. गोळी संपली तेव्हा एर्गेश फोनकडे वळला आणि रोजच्यासारखं त्यानं तोंड उघडलं. जीभ वर, डावीकडे, उजवीकडे. मी हे रोज डझनावारी बघते, मला त्याचं काही वाटेनासं झालंय. पण ताशमतनं ते पाहिलं, केस पिकलेला बापया एका फोनपुढे लहान पोरासारखा आ वासून बसलाय, आणि त्यानं तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत राहिला. एर्गेशनं तोंड मिटेपर्यंत वळला नाही.

"झालं?"

"झालं," एर्गेश म्हणाला.

"आता बोलता येतं?"

"येतं."

म्हातारा गुडघ्यावर हात रोवून उठला. वय झालं होतं, एका झटक्यात उठवेना. एर्गेश मदतीला पुढे झाला, त्याला म्हाताऱ्यानं हातानं बसवलं. आणि स्वतः पडद्याच्या चौकटीतून बाहेर गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग उंबऱ्याबाहेर रबरी गलोश, म्हणजे बाहेर वापरायचे जोडे, घालताना चाललेली धडपड, मग अंगणातली पावलं, थोडी लांब जाणारी. एर्गेश घाबरून दाराकडे बघत होता. मलाही वाटलं, उठून निघूनच गेला की काय. आणि मग तीच पावलं परत आली. दारात थांबली.

"अस्सलामु अलैकुम, व्याही," बाहेरून ताशमत म्हणाला.

एर्गेश इतक्या घाईनं उठला की मेज हललं, फोन कलंडला. त्यानंतर पडद्यावर फक्त नमद्याचा कोपरा दिसतो आणि त्याचे पाय.

"वालेकुम अस्सलाम," तो म्हणाला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, आणि तिसऱ्यांदाही, तेवढ्याच मोठ्यानं.

फोन बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. पुढे बराच वेळ नुसते पायांचे दोन जोड दिसतात, एक मोजे घातलेला आणि एक गलोशातला. तोंड रिकामं दिसलं की पुढचं बघायची आम्हाला गरज नसते. मी शेवटपर्यंत बघितला.